तीनशे बारा फायली

"पूजा केलेली वस्तू दिसते, ताई. नेऊ ना खरंच?"

भंगारवाल्यानं कॉम्प्युटरच्या डब्याकडे बोट दाखवलं. डब्याच्या पुढच्या बाजूला हळदीकुंकवाचा जाड थर होता. दर खंडेनवमीला माझ्या सासूबाई त्याला बोट ओलं करून हळदकुंकू लावायच्या, वर झेंडूचं फूल ठेवायच्या, आणि जुनं कुंकू पुसू द्यायच्या नाहीत. अकरा वर्षांचं कुंकू होतं ते.

"न्या ओ," मी म्हटलं. "देव काढून घेतलाय त्यातला."

तो हसला. मॉनिटर, डबा, कीबोर्ड, वायरींचं भेंडोळं, सगळं हातगाडीवर चढवून गेला. मी टेबलाखालचा केर काढला, फडकं मारलं आणि नवा लॅपटॉप मधोमध ठेवला. मनात म्हटलं, सुटले एकदाची त्या खडखडाटातून.

खडखडाट म्हणजे सासूबाईंचं टायपिंग. प्रमिला मगदूम, कोर्टातल्या टायपिस्ट, एकतीस वर्षं नोकरी. इंग्रजी आणि मराठी दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास. जन्मभर न्यायाधीशांचं, वकिलांचं, साक्षीदारांचं बोलणं कागदावर उतरवलं, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या नवऱ्याला, अजितला, म्हणाल्या, "मला कॉम्प्युटर आण. आता माझं स्वतःचं टाइप करणार." तेव्हापासून रोज दुपारी तीन ते चार, वीज असो नसो, त्या टेबलाशी. वीज नसली तर नुसत्या बसून राहायच्या. बरेच दिवस नवं काही न लिहिता जुनंच वाचत बसायच्या. काय लिहायच्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी मागं येऊन उभं राहिलं की पदर स्क्रीनवर टाकायच्या. खरंच पदर टाकायच्या हो, दुधावर झाकण ठेवावं तसा.

आणि गेले आठ महिने माझी खात्री होती की ते सगळं माझ्याबद्दल आहे.

आठ महिन्यांपूर्वी आमच्या मिरजेतल्याच एका कॉलेजात लायब्ररीत क्लार्कची जागा निघाली होती. मी अर्ज केला होता. आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर, म्हणून घरचा नंबर दिलेला. त्या दिवशी मी दळणाला गेले होते. दोन दिवसांनी चौकशीला गेले तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, मुलाखत झाली की परवा. तुमच्या घरी निरोप दिलेला, एका बाईंनी घेतला." घरी बाई एकच. मी येऊन विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "फोन आलाच नाही." मी म्हटलं, आला होता. त्या म्हणाल्या, नाही आला. मग मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. तोंड माझं आधीपासूनच तिखट. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. अजित बारामतीला कारखान्यात, पंधरा दिवसांनी यायचा. मधल्या काळात आम्ही दोघी भिंतीला ऐकवून बोलायचो. "आमटी झाकून ठेवलीय," मी घड्याळाकडे बघून म्हणायची. "गॅस बंद केलाय का कुणी?" त्या कॅलेंडरला विचारायच्या.

त्यात त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. एका डोळ्यानं दिसेनाच, दुसऱ्यानं उजेड आणि सावल्या. टाइप करायला डोळे लागत नाहीत, त्या करत राहिल्या. पण लिहिलेलं वाचता येईना. अकरा वर्षांचं स्वतःचं लिहिणं समोर आणि एक ओळ दिसत नाही. एकदा मी त्यांना स्क्रीनला नाक लावून बसलेलं पाहिलं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. वाटलं होतं एवढंच, बोलले नाही काही.

लॅपटॉपची वाट काढली ती मुजावर सरांनी. इरफान मुजावर, पॉलिटेक्निकात शिकवायचे, अजितचे जुने ओळखीचे, आणि लिनक्स, ती विंडोजच्या जागी टाकतात ती फुकटची प्रणाली, म्हटलं की जेवण विसरणारा माणूस. अजितनं फोन केला तर म्हणाले, "काकूंना लिनक्स टाकून देतो लॅपटॉपवर. जे लिहिलंय ते मोठ्यांदा वाचून दाखवेल, मराठीत. त्याला वेगळं काही विकत आणायला नको." लॅपटॉप तयार करून त्यांनी स्वतः आणून दिला. जुन्या कॉम्प्युटरमधल्या फायली तेवढ्या इकडे आणायच्या होत्या. ते काम माझ्याकडे आलं.

"पेनड्राइव्हनं आणा, वहिनी," सर म्हणाले होते. "आणि एक ऐका. जुना लगेच काढून टाकू नका. आधी चार फायली उघडून बघा."

मी आणल्या. तिकडे तीनशे बारा होत्या, इकडे तीनशे बारा आल्या. दोनदा मोजल्या. प्रत्येक फाईलीचं नाव म्हणजे नुसती तारीख. जून महिन्यातली एकोणीस तारीखही होती, कॉलेजच्या फोनवरून आमचं भांडण झालं ती. माझी नजर तिथं अडकली. पण एकही उघडली नाही. त्यांनी पदर टाकून झाकलेलं मी चोरून वाचणार नाही, एवढा माझा तोरा. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. उघडलं की माझं नाव दिसणार, मग पुन्हा भांडण. नेमका त्याच वेळी खाली भंगारवाला ओरडला. बाकीचं सांगितलंच.

दुपारी तीनला सासूबाई आल्या. केस विंचरून, इस्त्रीचं पातळ नेसून. खुर्चीत ताठ बसल्या.

"पहिली लाव," घड्याळाला म्हणाल्या.

मी पहिली फाईल उघडली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, उकिरड्यावर पडल्यासारखं सगळं. लॅपटॉपमधली बाई शांतपणे वाचायला लागली, "व्ही, के, टी..."

मी ती बंद करून दुसरी उघडली. व्ही, के, टी. तिसरी. व्ही, के, टी. शंभरावी. तेच.

"काय बोलतंय हे?" सासूबाईंनी विचारलं. घड्याळाला नाही, मला.

"नवीन आहे ना. बसेल जरा वेळानं."

"जुना आहे ना अजून?"

"आहे की," मी म्हटलं.

कसं निघून गेलं तोंडातून कुणास ठाऊक. मशीन तसंच बोलत ठेवून मी गच्चीवर पळाले आणि सरांना फोन लावला.

"घात झाला, वहिनी," सर म्हणाले. "जुन्या कॉम्प्युटरवर मराठीचा जुना फॉन्ट होता. फाईलीत काय राहतं, तर कुठली कळ दाबली तेवढंच. त्यावर मराठीचे कपडे चढवायचा तो फॉन्ट. तो तिकडे राहिला आणि फायली इकडे आल्या उघड्याच. काही नाही, जुना चालू करा, मी येऊन फॉन्ट काढून देतो."

"सर, जुना भंगारात दिला."

"मी सांगितलं होतं ना, वहिनी?"

"होय."

"बघतो काही जमतंय का. तुमचा मोबाईल लागत नाही, घरच्या फोनवर करतो."

मी तशीच चप्पल अडकवून निघाले. मार्केटच्या मागं भंगारवाल्याचं गोडाऊन होतं. पोचले तर डबा फोडून झालेला. पत्रा पत्र्यात, तांबं तांब्यात. आतला तबकड्यांचा भाग, सगळं साठवलेली हार्ड डिस्क, सकाळच्याच टेम्पोनं पुढं गेला होता. कुंकवामुळे पुढचं झाकण तेवढं ओळखू आलं. मी ते हातात घेऊन तिथंच बसले. एक सांगते, खोटं वाटलं तरी चालेल. मनाचा एक कोपरा म्हणत होता, बरं झालं, तुझ्याबद्दलचं सगळं गेलं. आणि उरलेलं मन त्या कोपऱ्याला चप्पल दाखवत होतं. म्हाताऱ्या बाईनं एकतीस वर्षं लोकांचं लिहिलं, अकरा वर्षं स्वतःचं, आणि ते मी एका सकाळी हातगाडीवर चढवून दिलं.

घरी आले तेव्हा ठरवलं होतं, सांगून टाकायचं. दारातच थांबले. लॅपटॉपमधली बाई अजून बोलतच होती. सासूबाईंना ती बंद करता आली नव्हती. त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि मांडीवर त्यांची दहाही बोटं हलत होती.

"आई..."

"गप. बोलू नकोस." बोटं थांबली. "आता ते पहिल्यापासून लाव."

मी लावलं. व्ही, के, टी.

"आज," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"अगं, व्ही म्हणजे डावा हात, पहिलं बोट, खालची ओळ. तिथं अ बसतो. के ला काना. टी ला ज. आज. मी प्रत्येक पान 'आज'नंच सुरू केलंय." त्यांचा आवाज चढला होता. "हा कचरा नाही. ह्या माझ्या कळा आहेत. हिनं अक्षर म्हटलं की माझं बोट आपोआप तिथं जातं, आणि बोटाला ठाऊक आहे तिथं काय आहे ते."

मी खाली फरशीवरच बसले.

"पण ही बया फार भरभर बोलते," त्या म्हणाल्या. "आणि अक्षर मोठं की लहान ते सांगत नाही. तू वाच. सावकाश. मी सांगते ते वहीत उतर."

"आई, जुना कॉम्प्युटर..."

"गेला. ठाऊक आहे."

"कसं?"

"मघाशी टेबलाखाली पाय लांब केले. अकरा वर्षांत पहिल्यांदा कशाला आपटले नाहीत."

"रागावला नाहीत?"

"राग आहेच. आधी वाच."

मी वाचायला बसले. व्ही, के, टी. आज. एक एक अक्षर मी म्हणायची, त्यांची बोटं मांडीवर पडायची, आणि शब्द त्यांच्या तोंडून यायचा. तासाभरात चार ओळी झाल्या. पहिल्याच पानावर होतं: "आज नोकरी सुटून आठवडा झाला. बोटांना काम नाही. भाकरी थापताना ती परातीतच टाइप करतात." दुसऱ्या दिवशीच्या फाईलीत एक साक्षीदार निघाला. शपथ घेऊन म्हणाला, "साहेब, खोटं मी बोलणार नाही, पण खरं मला आठवत नाही." साहेब म्हणाले, हे टाइप करू नका. आणि खाली सासूबाईंनी लिहिलं होतं, "मी आधीच केलं होतं."

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात दोन बायका एका गोष्टीला हसल्या. मग दोघींच्याही लक्षात आलं आणि मी घाईघाईनं पुढचं अक्षर वाचलं.

तिसऱ्या दिवशीपर्यंत माझा हात बसला. काही शब्द त्यांच्या आधी मलाच कळायला लागले. माझं नाव कसं दिसतं तेही मी गुपचूप शिकून घेतलं: आर, यू, क्यू, टी, के. तनुजा. मधूनच मी नजर पुढं टाकून ही पाच अक्षरं शोधायची. सापडायची नाहीत. नवऱ्याचं लहानपण होतं, कोर्टातल्या गमती होत्या, सासरे गेले ते वर्ष होतं. मी नव्हते. मला थोडा रागच आला, खरं सांगते. एवढी भांडणं केली आणि एक ओळ नाही?

चौथ्या दिवशी सासूबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता क्रमानं नको. जूनची एकोणीस तारीख काढ."

"राहू दे की. क्रमानंच जाऊ."

"काढ म्हणते ना."

फाईल उघडली. पहिल्या परिच्छेदातच ती पाच अक्षरं दिसली. एकदा नाही, दोनदा.

"व्ही, के, टी," मी वाचलं.

"आज."

त्या दुपारी त्यांची बोटं मांडीवर सावकाश पडत होती. मी अक्षरं म्हणत गेले आणि वहीत हे उतरत गेलं: "आज परवाचं लिहिते. डोळ्याच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. काचबिंदू म्हणाले. एक डोळा गेल्यात जमा आहे, दुसऱ्याचं सांगता येत नाही. घरी कुणाला बोलले नाही. कुलूप काढताना आत फोन वाजत होता. कॉलेजचा माणूस म्हणाला, तनुजाला चार वाजता मुलाखतीला पाठवा. होय म्हणाले. फोन ठेवला आणि समोरच्या कॅलेंडरची तारीख दिसते का, एक डोळा झाकून बघत बसले. मग दुसरा झाकून."

मी थांबले.

"आई, पुरे. कळलं मला."

"अक्षरं वाच."

"नको ना."

"तनुजा, अक्षरं वाच."

त्यांनी नावानं हाक मारली म्हणून मी वाचलं. एफ, ओ, एल, जे, वाय, एस. बोटं हलली, पण शब्द आला नाही. बाहेर कुणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं. मी वाट बघत राहिले.

"विसरले," त्या म्हणाल्या. "तनुजाला सांगायला विसरले."

पुढचं मी भराभर वाचलं, डोळे भरून अक्षरं दिसेनात तरी. तिनं विचारलं तेव्हा फोन आलाच नाही म्हणाले. एकतीस वर्षांत साक्षीतला एक शब्द गाळला नाही, आणि घरातला निरोप गाळला. लाज वाटली म्हणून खोटं बोलले. शेवटची ओळ लहान होती.

"व्ही, के, टी. ई, एच. पी, क्यू, डी, वाय, एस."

"आज मी चुकले." बोटं मांडीवर तशीच राहिली. मग फाईलीत नव्हतं ते त्या म्हणाल्या, "चुकले ग मी. तुझी नोकरी घालवली."

मी वही खाली ठेवली. पुढची फाईल वीस जूनची. त्यात एकच ओळ: "आज सांगायचं राहिलं." एकवीस जून: "आज पण राहिलं." बावीस, तेवीस, चोवीस. रोज तीन ते चार त्या टेबलाशी बसून माझ्याविरुद्ध काय काय लिहीत असतील म्हणून मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची, ते हे होतं.

"मी पण खोटं बोलले की," मी म्हटलं. "जुना आहे म्हणाले."

"ते एका दुपारचं. माझं आठ महिन्यांचं." त्यांनी हात पुढं केला, चाचपडत. तो माझ्या केसांवर पडला. "चहा टाक आता. आणि दोन कप आण, एक भिंतीला नको."

मी चहा टाकला. गॅसपाशी उभी राहून मनसोक्त रडले आणि साखर दोनदा घातली. त्यांनी निमूट प्यायला.

तीनशे बारा फायली उतरवायला आम्हाला पुढची दिवाळी उजाडली. रोज तीन ते चार. वहीतलं मी संध्याकाळी लॅपटॉपवर घालायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी मशीन त्यांना वाचून दाखवायचं. त्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हे बरं लिहिलंय ग कुणीतरी." तेवढ्यात माझं मराठी टायपिंग एवढं सुधारलं की परीक्षा दिली, पास झाले, आणि आज एका शाळेच्या ऑफिसात आहे. पण नोकरीपेक्षा मोठं मला मिळालं ते असं की माझ्या सासूचा सगळा जन्म मी तिच्याच तोंडून ऐकला, अक्षर अक्षर करून. कुठल्या सुनेला मिळतं हे? आभार मानायला गेले असते तर म्हणाल्या असत्या, चहा टाक. म्हणून नाही मानले. त्या आणखी सहा वर्षं होत्या. गेल्या तेव्हा लॅपटॉप त्यांच्या उशापाशी वाचत होता.

गेल्या महिन्यात त्याची बॅटरी फुगली म्हणून मुजावर सरांकडे घेऊन गेले. सर आता निवृत्त झालेत. त्यांनी लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले आणि सहज विचारलं, "वहिनी, तो कन्व्हर्टर नीट चालला होता ना तेव्हा?"

"कसला कन्व्हर्टर?"

"जुन्या फॉन्टमधलं नव्या मराठीत करणारा. फुकट मिळतो. सगळ्या फायली दोन मिनिटांत होतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला होता की घरच्या नंबरवर. काकूंनी घेतला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बरं झालं, तनुजाला सांगते." सरांनी स्क्रू वाटीत टाकला आणि माझ्याकडे बघितलं. "नाही सांगितलं? वय झालेलं, विसरल्या असतील."

"नाही ओ, सर," मी म्हटलं. "या वेळी नाही विसरल्या."